भाईंदरची सतरा मिनिटे

भाईंदरला मुद्दाम कोणी जात नाही, अशी मुंबईकरांची एक जुनी समजूत आहे. गिरगाव-दादरच्या माणसाच्या लेखी बोरिवलीपलीकडचा मुलूख हा गाडीच्या खिडकीतून पाहायचा. तेथे उतरायचे नसते. विरार गाडीत सुदैवाने बसायला मिळालेला माणूस दहिसर गेले की पेंगू लागतो आणि भाईंदरच्या खाडीवर रुळांचा आवाज एकाएकी पोकळ झाला की दचकून जागा होतो. खाली पाणी, दोन्ही अंगांना तिवरांची हिरवी झालर, मध्येच पाणजू नावाचे एक चिमुकले बेट. पाणजूच्या अलीकडे एक पूल आणि पलीकडे दुसरा. रेल्वेच्या दफ्तरात त्यांचे क्रमांक ७३ आणि ७५. १८६४ साली उत्तरेकडून येणारी बी. बी. सी. आय. रेल्वे ग्रँट रोडपर्यंत पोहोचली ती याच खाडीला ओलांडून. म्हणजे गुजरातचे मुंबईशी नाते जुळले त्याला साक्षी भाईंदर. पण साक्षीदाराला लग्नात कोण विचारतो!

मी मात्र भाईंदरला मुद्दाम जातो. वर्षातून दोनतीनदा तरी जातोच. कारण तेथे सौ.चे मामा राहतात आणि मामांच्या घरी सिनेमा राहतो.

हा सिनेमा मोबाइलमधला नव्हे, टीव्हीवरचाही नव्हे. खराखुरा, रिळावरचा, खटखट वाजणाऱ्या यंत्रातून भिंतीवर पडणारा. फक्त तो अंगाने लहान. थिएटरातली फिल्म पस्तीस मिलिमीटर रुंद, मामांची आठ. चित्राची एक चौकट जेमतेम करंगळीच्या नखाएवढी, आणि फुटभर फिल्ममध्ये अशा बहात्तर चौकटी. कोडॅक कंपनीने आठ मिलिमीटरची घरगुती फिल्म १९३२ मध्ये काढली आणि १९६५ मध्ये तिची सुधारलेली बहीण ‘सुपर एट’ बाजारात आणली. मुलांचे वाढदिवस, समुद्रकिनारे, नव्या मोटारी, हे सारे युरोप-अमेरिकेतल्या कुटुंबांनी या फिल्मवर टिपून ठेवले. मग साहजिकच कोणाच्या तरी डोक्यात आले की घरोघरी प्रोजेक्टर झालेच आहेत, तर त्यांना दाखवायला मोठ्या पडद्यावरचे सिनेमेही विकत का देऊ नयेत? अमेरिकेत युजीन कॅसल या गृहस्थाची कॅसल फिल्म्स कंपनी १९३७ पासून हा धंदा करीत होती. पुढे केन फिल्म्स, कोलंबिया वगैरे मंडळी आली, इंग्लंडात डडली गावची डेरान कंपनी आली.

अडचण एकच होती. दोन तासांचा बोलपट या फिल्मवर पुरा उतरवायचा तर पाचसहा मोठी रिळे लागणार आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जाणार. म्हणून सिनेमा आटवायचा! जसे दूध आटवून बासुंदी करतात, तसे दोन तासांचे सतरा-अठरा मिनिटांत आणायचे. दोनशे फुटांचे रीळ म्हणजे दहा मिनिटे, चारशे फुटांचे म्हणजे वीस. त्यात काय बसेल ते बसवायचे. नायक-नायिकेची भेट, एक भांडण, एक पाठलाग, शेवट. बाकीचे प्रेक्षकाने समजून घ्यावे.

मामा बोटीवर नोकरीला होते. इंजिनखात्यात. हॅम्बर्ग, लिव्हरपूल, रॉटरडॅम ही नावे ते आपण चर्नी रोड-ग्रँट रोड म्हणावे तशी घेतात. खलाशी मंडळी बंदरात उतरली की कोणी घड्याळे घेई, कोणी अत्तरे, कोणी सांगण्यासारखे नाही ते. मामा फिल्मच्या दुकानात जात. त्यांच्या कपाटात एकंदर एकेचाळीस रिळे आहेत. लॉरेल-हार्डी आहेत, टॉम-जेरी आहेत, एक चंद्रावर उतरण्याचे आहे. पण कपाटाचा राजा म्हणजे ‘ग्रीज’.

‘ग्रीज’ ही अमेरिकेची रॉक संगीतिका. १९७१ मध्ये शिकागोच्या एका लहान रंगमंचावर ती आली, पुढल्याच वर्षी न्यूयॉर्कला गेली आणि १९७८ मध्ये तिचा चित्रपट झाला. जॉन ट्रॅव्होल्टा आणि ऑलिव्हिया न्यूटन-जॉन. कॉलेज नव्हे, हायस्कूलचीच पोरे; पण केसांना तेल इतके आणि प्रेमप्रकरणे इतकी, की आपल्याकडचे हेडमास्तर पहिल्या अंकातच राजीनामा देतील. मूळ चित्रपट एकशेदहा मिनिटांचा. मामांचा सतरा मिनिटांचा. याखेरीज त्यातल्या नुसत्या गाण्यांचे दुसरे छोटे रीळ त्यांच्याकडे आहे, आणि तिसरे, केवळ जाहिरातीचे, तीन मिनिटांचे. एकाच सिनेमाची ही धाकटी-मधली-थोरली भावंडे जमवण्यात काय मौज, असे मी एकदा विचारले. मामा म्हणाले, “जावईबापू, तुमच्याकडे ज्ञानेश्वरीच्या किती प्रती आहेत?” मी गप्प बसलो. तीन आहेत.

रॉक संगीतिकेचे हे वेड मामांना बोटीवर लागले असेल, असे मला वाटे. पण नाही, ते लागले मुंबईत. १९७४ साली रजेवर असताना त्यांनी अलेक पदमसींनी बसवलेले ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ पाहिले. अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस यांची ती कृती. गंमत अशी, की ती आधी १९७० मध्ये ध्वनिमुद्रिका म्हणून निघाली आणि नंतर नाटक झाली. म्हणजे वरातीच्या आधी सनई येऊन पोहोचली. मुंबईच्या प्रयोगात ज्यूडासची भूमिका केली नंदू भेंडे यांनी. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या नाटकवेड्या जोडप्याचा हा मुलगा इंग्रजी रॉक असा काही गायचा की मामांना खुर्चीत बसवेना. पुढे १९७८ मध्ये पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, जब्बार पटेलांनी तो पुण्याच्या थिएटर अकॅडमीतर्फे बसवला, आणि त्यात हेच नंदू भेंडे अंकुश म्हणून उभे राहिले. मराठी रंगभूमीवर गिटार आणि ढोलकी शेजारीशेजारी बसल्याची ती वेळ. २०१४ मध्ये नंदू भेंडे गेले तेव्हा मामांनी मला फोन केला होता. दोन मिनिटे काही बोललेच नाहीत. मग “बरं, ठेवतो” म्हणाले.

मामांनी गिरगावातली खोली सोडून भाईंदर पश्चिमेला दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला तो १९८० मध्ये. तेव्हा येथे नगरपालिकाही नव्हती. ती झाली १९८५ मध्ये आणि महानगरपालिका २००२ मध्ये. स्टेशनबाहेर आले की मिठाचे ढीग दिसत, वाऱ्याला खारट चव असे, आणि संध्याकाळी डास असे काही येत की मामी म्हणत, “पाहुणे आले, दारं लावा.” आजही उत्तनच्या रस्त्याला मिठागरे दिसतात, पण गावाचे रूप पार पालटले. २००१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती सव्वापाच लाखांच्या आत होती, २०११ मध्ये ती आठ लाखांवर गेली. माणसे का आली? हवा चांगली म्हणून नव्हे. मुंबईत जागा परवडेना, येथे परवडली, म्हणून आली. मारवाडी आले, गुजराती आले, कोकणातले आले, उत्तरेकडचे आले. पश्चिमेला जैन मंदिरे उभी राहिली, पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने खणखणू लागले, मीरा रोडला इमारतींचे जंगल वाढले. मूळचे आगरी, कोळी आणि ख्रिस्ती गावकरी राई, मुर्धा, मोरवा, डोंगरी, उत्तन येथे आपापल्या जागी राहिले.

अशा या नव्या गावात कोणी कोणाला ओळखत नव्हते. मामांच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडे आणि सहा भाषा. गणपतीत काय करायचे, यावर वाद झाला. एकाला भजन हवे, दुसऱ्याला गरबा. शेवटी मामांनी प्रोजेक्टर गच्चीवर नेला, पाण्याच्या टाकीवर मामींची पांढरी चादर बांधली आणि ‘ग्रीज’ लावला. इंग्रजी कोणाला कळत होते! पण गाणी कळली, नाच कळला, शेवटी मोटार आकाशात उडते ते तर फारच कळले. पोरांनी ‘पुन्हा, पुन्हा’ म्हणून तीनदा पाहिला. पुढे दरसाल अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री गच्चीवर ‘ग्रीज’ हा त्या इमारतीचा कुळाचार होऊन बसला. तळमजल्यावरच्या भांड्यांच्या व्यापाऱ्याने खूश होऊन आपल्या कारखान्यातून रिळांसाठी स्टीलचे गोल डबे करून दिले. झाकण असे घट्ट की वारा आत शिरणार नाही. पोळ्यांचे डबे म्हणून कोणी उचलून नेऊ नयेत, यासाठी मामींनी त्यांवर रंगाने आकडे घातले.

त्या गच्चीवर वाढलेल्या एका मुलाने बऱ्याच वर्षांनी टीव्हीवर मूळ चित्रपट पाहिला आणि मामांकडे येऊन तक्रार केली, “काका, त्या लोकांनी तो उगाच वाढवलाय!”

मला ही तक्रार फार आवडली. आपण हसतो, पण आपल्या वाडवडिलांनी तरी दुसरे काय केले? संगीत नाटके रात्र रात्र चालत. ग्रामोफोन आला, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर मावत तीन-सव्वातीन मिनिटे. तासभर रंगणारे पद तेवढ्यात आटवावे लागे. ज्यांनी बालगंधर्वांना डोळ्यांनी पाहिले नाही, अशा कित्येक घरांत त्यांचे नाटक म्हणजे त्या तबकड्याच. आणि त्या घरांना काही कमी मिळाले, असे मी तरी म्हणणार नाही. माझ्या आजीला नाटकाची कथा धड ठाऊक नव्हती. पद सुरू झाले की ती निवडणे-टिपणे बाजूला ठेवी. कापणाऱ्याच्या हाती कला असते. वाईट कापले तर मात्र खिमा होतो. मामांच्या संग्रहात एक रहस्यपट असा आहे की त्यात खून होतो, खुनी सापडतो, पण मेला कोण ते कळत नाही.

१९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हिडिओ आला, आणि जगभर हा छोट्या रिळांचा बाजार बसला. मामांचे दुकानांचे पत्ते एकेक करून बंद झाले. राहिले ते कपाट.

या पावसाळ्यानंतर मामांचा निरोप आला, “येऊन जा. घर हलवायचंय.” इमारत चाळिशी उलटलेली, तुळया फुगल्या, सळया उघड्या पडल्या. ती पाडून नवी बांधायची ठरली आहे. तोवर मीरा रोडला भाड्याची जागा. तीत कपाट मावणार नाही. मी गेलो. मामांनी डबा क्रमांक सात माझ्यापुढे धरला आणि झाकण उघडले. मी तोंड फिरवले. लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस दर्प!

फिल्मचा हा रोग आहे. ती ज्या अ‍ॅसिटेटची बनते, त्याचे दमट आणि उष्ण हवेत विघटन होते आणि त्यातून व्हिनेगरचे आम्ल सुटते. ते आम्ल पुन्हा फिल्मलाच खाते, आणि शेजारच्या रिळांनाही लागण करते. फिल्म आक्रसते, वाकते, ठिसूळ होते. डबा घट्ट बंद असेल तर वाफ आतच कोंडते आणि रोग बळावतो. म्हणजे शेजाऱ्याने प्रेमाने दिलेल्या त्या वाराबंद डब्यांनीच घात केला होता. त्यात भाईंदरची हवा! तीन बाजूंनी पाणी, जून ते सप्टेंबर भिंतींना घाम. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात थंड कोरड्या खोल्या असतात. मामांकडे लोखंडी कपाट आणि डांबराच्या गोळ्या.

आता सातव्या डब्यात केवळ ‘ग्रीज’ असता, तर हळहळून तो बाजूला काढता आला असता. पण त्यात मामी होत्या.

तो प्रकार असा. ‘ग्रीज’ची सुरुवात समुद्रकिनाऱ्यावर होते; नायक-नायिका लाटांत खेळत असतात. १९८१ मध्ये मामांनी आपल्या कॅमेऱ्याने उत्तनच्या किनाऱ्यावर मामींची एक फिल्म घेतली. ती होती कोडॅक्रोम. धुण्याचा खर्च युरोपात फिल्मच्या किमतीतच धरलेला असे, म्हणून मामांनी ती पुढच्या फेरीत तिकडूनच धुऊन आणली. आणि मग कोणाला न विचारता त्यांनी अमेरिकेचा समुद्र कापला आणि त्यात उत्तनचा समुद्र जोडला! पन्नास फूट. गच्चीवरच्या प्रेक्षकांना चाळीस वर्षे वाटत आले आहे की ‘ग्रीज’मध्ये नऊवारी नसली तरी पाचवारी साडी आहे.

यात दोन गमती आहेत. मामींची फिल्म सेकंदाला अठरा चौकटींच्या वेगाने घेतलेली, आणि बोलपट चालतो चोवीसने. त्यामुळे मामी तुरुतुरु चालतात. “मी जन्मात अशी धावले नाही,” हे मामींचे दरसालचे वाक्य. “यंत्राला वेग कमी करायचं बटण आहे, पण यांचा हात तिकडे जाईल तर शपथ!” दुसरी गंमत रंगांची. विकायच्या त्या फिल्मचे रंग कच्चे. त्यातला निळा-हिरवा अंश आधी उडतो आणि लाल तेवढा मागे राहतो. आज ऑलिव्हिया न्यूटन-जॉन डाळिंबाच्या सरबतात उभी आहे. आकाश लाल, वाळू लाल, ट्रॅव्होल्टाची पँटही लालच. आणि मध्येच एकदम मामी येतात, तर साडी पोपटी, समुद्र हिरवट निळा, मागे वाळत घातलेले बोंबील चांदीसारखे! कोडॅक्रोम अंधारात नीट ठेवली तर रंग सोडत नाही. ती धुणाऱ्या जगातल्या शेवटच्या प्रयोगशाळेने २०१० च्या अखेरीस ती घेणे बंद केले. आता तशी फिल्म कोणी घेईन म्हटले तरी घेता येणार नाही.

दुपारी मामा म्हणाले, “आधी उत्तनला जाऊ. मग काय ते बघू.” घरातून बाहेर पडायला त्यांना निमित्त हवे होते, हे मी ओळखले. बस मुर्धा, राई, मोरवा करीत निघाली. एका बाजूला तिवरे, दुसरीकडे मिठागरांचे आरसे. मीठ पिकायला अजून अवकाश होता. डोंगरीच्या पुढे रस्ता चढतो आणि मुंबईजवळ आपण आहोत हे विसरायला होते. कौलारू घरे, अंगणात क्रूस, क्रूसाला झेंडूची माळ. मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कोळणी बसमध्ये चढल्या आणि टोपल्यांसाठी जागा करून घेताना कंडक्टरला असे काही सुनावले की तो तिकिटे विसरला.

चौकच्या टेकडीवर धारावीचा किल्ला आहे. धारावी म्हटल्यावर मुंबईकराला दुसरेच आठवते. पण हा सारा भाग पूर्वी धारावी बेट म्हणूनच ओळखला जाई, आणि चिमाजी अप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत या किल्ल्यापायी मराठ्यांना चांगलेच झुंजावे लागले. समोर खाडीच्या मुखापलीकडे वसईचा कोट. तो मे १७३९ मध्ये पडला. इथे धारावी हाती असली तर खाडीचे दार आपले, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. आज किल्ला म्हणजे थोडे दगड, पुष्कळ गवत आणि खाली धारावी देवीचे देऊळ. खाडीतून भाईंदर-वसई फेरीबोट चाललेली दिसली. फेब्रुवारी २०२४ पासून ती मोटारी आणि स्कूटरसुद्धा घेऊन जाते. चिमाजी अप्पांना मिळती तर!

उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांना बोंबील लटकत होते. जबड्यात जबडा अडकवून टांगायची तीच रीत. मामा एका जागी थांबले. “इथे उभा होतो मी. ती तिकडून आली.” मी पाहिले. होड्यांना आता इंजिने आहेत, जाळी नायलॉनची आहेत, प्लास्टिकचा कचरा लाटांबरोबर येतो आणि लाटांबरोबर जात नाही. मांडव मात्र तसेच. मामांनी सुके बोंबील घेतले, भाव केला नाही, आणि परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर ठेवून बसले.

रात्री जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरले. रीळ प्रोजेक्टरवर लावायचे धाडस नव्हते. आक्रसलेली फिल्म यंत्राच्या दातात अडकून फाटते. मामांनी हाताने फिरवायचे छोटे दर्शनयंत्र काढले. पत्त्याएवढ्या काचेवर लाल समुद्र हलू लागला. मामी चष्मा लावून शेजारी येऊन बसल्या. सांधा आला. मामांनी कात्री उचलली, खाली ठेवली.

“अहो, कापा ना,” मामी म्हणाल्या. “स्कॅन करणाऱ्याकडे माझं तेवढं पाठवू. कापलेलं पुन्हा जोडताही येईल.”

“तसं नाही. कुठं कापायचं ते बघतोय.”

मग त्यांनी बोटाने चौकटी मोजायला सुरुवात केली; सांध्यापासून उलट, लाल फिल्मवर. मी कारण विचारले. या फिल्मवर आवाज कडेच्या तपकिरी चुंबकी पट्टीवर असतो, आणि तो चित्राच्या शेजारी नसतो. अठरा चौकटी पुढे असतो. मामींच्या तुकड्याला पट्टीच नाही, तो मुका. पण त्यांची पहिली चौकट पडद्यावर येते, तेव्हा आवाजाचे यंत्र अजून मागच्या लाल फिल्मवरचीच पट्टी वाचत असते. त्यामुळे पाऊण सेकंद, फक्त पाऊण सेकंद, मामी त्या सिनेमाच्या संगीतावर चालतात. मग सारे शांत. चाळीस वर्षे मी ते रीळ पाहत आलो. माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

मामांनी अठरा मोजल्या, खात्रीसाठी पुन्हा मोजल्या आणि कापले. मामींचा तुकडा वेगळ्या छोट्या चाकावर गुंडाळला गेला. त्याच्या सुरुवातीला तीन इंच लाल फिल्म.

मामींनी ती उजेडात धरून पाहिली. “अहो, हे आजारी तीन इंच कशाला ठेवले माझ्याबरोबर? वास येतोय त्याला.”

“येऊ दे,” मामा म्हणाले आणि डब्याच्या झाकणाला खिळ्याने भोके पाडायला बसले.